परत फिरलेल्याचा कैवार

भगवंताच्या मार्गावर पाऊल टाकणाऱ्या मनुष्यास जी भये ग्रासतात, त्यांत अपयशाचे भय सर्वांत सूक्ष्म होय. दारिद्र्याचे अथवा लोकनिंदेचे भय मनुष्य चटकन ओळखतो. अपयशाचे भय विनयाचा वेष घेऊन येते. 'मी या सेवेस पात्र नाही, दुसऱ्या कोणा योग्य मनुष्याने ही करावी,' असे तो म्हणतो आणि ऐकणारे त्याच्या नम्रतेची प्रशंसा करतात. वस्तुतः एकदा पडलेला तो जीव पुन्हा चारचौघांत पडण्याच्या लाजेने व्याकुळ झालेला असतो. योगापासून ज्याचे मन चळले त्याची गती काय, हा गीतेच्या सहाव्या अध्यायातील अर्जुनाचा प्रश्न कोणत्याही एका धर्माच्या साधकाचा नव्हे. ख्रिस्ती धर्मग्रंथात तोच प्रश्न एका तरुणाच्या चरित्रात उभा राहतो. त्याचे नाव योहान. त्यालाच मार्क असेही म्हणत.

यरुशलेमात मार्कची आई मरिया हिचे घर होते. आरंभीचे ख्रिस्तभक्त तेथे प्रार्थनेसाठी जमत. बंदिशाळेतून सुटलेला पेत्र रात्री याच घराचे दार ठोठावतो, असे 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात लूकने लिहिले आहे. असे भक्तिमय घर लाभलेल्या या तरुणास, इ. स. ४६ च्या सुमारास, बर्णबा व शौल यांनी धर्मप्रचाराच्या प्रवासात मदतनीस म्हणून बरोबर घेतले. बर्णबा हा त्याचा भाऊबंद. शौल पुढे पौल या नावाने प्रसिद्ध झाला. कुप्र बेट, ज्यास आज सायप्रस म्हणतात, ते ओलांडून ही मंडळी आशिया मायनरच्या दक्षिण किनाऱ्यावरील पंफुल्या प्रांतात, पिर्गा नगरास पोहोचली. पुढील वाट तौरस पर्वताच्या रांगांतून पिसिदियातील अंत्युखियाकडे चढत होती. ते नगर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंच आहे. पिर्गा येथेच मार्क त्यांना सोडून यरुशलेमास परत गेला.

तो का गेला? लूक कारण देत नाही. टीकाकारांनी नाना तर्क केले आहेत. कोणी म्हणतात, डोंगरातील चोरांचे भय. कोणी म्हणतात, आईच्या घराची ओढ. काहींच्या ध्यानात असेही आले आहे की, या प्रवासाच्या आरंभी 'बर्णबा आणि शौल' असा जो नामक्रम येतो, तो नेमका येथे 'पौल व त्याचे सोबती' असा पालटतो. वडील आप्ताचे अग्रस्थान गेलेले त्या तरुणास रुचले नसावे. लूकने कारण झाकून ठेवले हे एका परीने बरेच झाले. ते सांगितले असते, तर 'माझे तसे नाही' एवढे म्हणून वाचकाने आपली सुटका करून घेतली असती.

काही वर्षे लोटली. पहिल्या प्रवासात स्थापलेल्या मंडळ्यांचा समाचार घ्यावा, असे पौलाने सुचविले. बर्णबाने मार्कास बरोबर घेण्याचा आग्रह धरला. पौलास तो मान्य होईना. येथील मूळ ग्रीक शब्द पाहण्याजोगे आहेत. पिर्गा येथील प्रसंग लूक स्वतः सांगतो तेव्हा 'निघून जाणे' या अर्थाचे साधे क्रियापद योजतो. पौलाची बाजू मांडताना मात्र तो कठोर शब्द वापरतो. त्या शब्दातील उपसर्ग आपल्या 'अप'चा आणि धातू 'स्था'चा सगोत्र आहे; म्हणजे जो बाजूला झाला, ज्याने आपली जागा सोडली, तो. धर्मत्यागाचा वाचक असा ग्रीक शब्दही याच कुळातील. घटना एकच; परंतु कथेत जे 'जाणे' होते ते अभियोगात 'त्यागणे' झाले. जो पडतो त्याच्या कानी बहुधा हा दुसराच शब्द येतो, आणि कालांतराने तो स्वतःही आपणास त्याच शब्दाने ओळखू लागतो.

पौलास निष्ठुर म्हणणे अन्यायाचे होईल. मागील प्रवासात लुस्त्र येथे त्याला दगडमार करून, मेला असे समजून, नगराबाहेर ओढून टाकले होते. पुन्हा त्याच वाटेने जाणाऱ्यास सोबती पक्का हवा, हे त्याचे म्हणणे व्यवहारदृष्ट्या खोटे नव्हते. दोघांत कोणाचे योग्य, याचा निवाडा लूक करीत नाही. वाद विकोपास गेला आणि ते परस्परांपासून वेगळे झाले. या वादास जो ग्रीक शब्द आहे, तोच इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात प्रीतीसाठी व सत्कर्मांसाठी एकमेकांस चेतविणे या अर्थी आला आहे. तिसऱ्या शतकाच्या आरंभीचा लॅटिन ग्रंथकार टर्टुलियन ते पत्र बर्णबाचेच मानीत असे. हे मत सर्वमान्य नाही. पण त्या तीक्ष्ण शब्दाचा असा सदुपयोग बर्णबाच्या नावाशी जोडला जावा, यात एक प्रकारचे औचित्य आहे खरे.

बर्णबा हे त्याचे जन्मनाम नव्हे. तो कुप्र बेटातला लेवी; नाव योसेफ. त्याचा स्वभाव पाहून प्रेषितांनी त्याला हे नाव दिले. मराठी पवित्र शास्त्रात त्याचा अर्थ 'बोधपुत्र' असा दिलेला आहे. भाषांतर अशुद्ध नाही, कारण मूळ ग्रीक शब्दात उपदेशाचा अर्थ आहेच. तथापि ज्या क्रियापदापासून तो झाला त्याचा मूलार्थ 'जवळ बोलावणे' असा आहे. आणि त्याच क्रियापदापासून झालेला दुसरा शब्द योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यास लावलेला आहे, तेथे मराठी भाषांतरकारांनी 'कैवारी' असे म्हटले आहे. बर्णबाचे चरित्र पाहता त्याला हा दुसरा शब्द अधिक शोभतो. ख्रिस्तभक्तांचा छळ करणारा शौल अनुतापानंतर यरुशलेमास आला, तेव्हा सर्व शिष्य त्याला भीत होते. त्या वेळी त्याला हाताशी धरून प्रेषितांपुढे नेणारा बर्णबाच होता. ज्या पौलाने मार्कास नाकारले, तो स्वतः या कैवाराच्या बळावर मंडळीत आला होता. वादाच्या वेळी बर्णबाने त्याला याची आठवण दिली की नाही, हे लूकने लिहिलेले नाही. दिली नसावी असेच त्याच्या स्वभावावरून वाटते.

मग त्याने मार्कास घेतले आणि तो तारवातून कुप्र बेटास गेला. एवढे एक वाक्य लिहून लूक त्या दोघांविषयी मौन धरतो. परंतु त्या वाक्यातील स्थळ विचार करण्याजोगे आहे. कुप्र ही बर्णबाची जन्मभूमी. शिवाय पहिल्या प्रवासाचा पहिला टप्पा. सागरापासून पिर्ग्यापर्यंतच्या वाटेत मार्क चुकला नव्हता. जेथे तो पडला त्या पंफुल्यात त्याला उभे करून 'आता चढून दाखव' असे बर्णबाने म्हटले नाही. जेथपर्यंत त्याचे पाय स्थिर होते त्या भूमीवर त्याला नेले आणि स्वतः बरोबर चालला. संस्कृतातील 'आश्वासन' शब्दात 'श्वस्' धातू आहे. भयाने ज्याचा श्वास कोंडला त्याला मोकळा श्वास घेता येईल असे करणे, हा त्याचा मूळ भाव. अनेकदा धीर देणारा घाई करतो, आणि पडलेल्याची छाती आणखीच दडपते.

हे आजही प्रत्येक मंडळीत पाहावयास मिळते. एखादा तरुण प्रथमच सर्वांसमक्ष प्रार्थना करावयास उभा राहतो. मध्येच शब्द सुचेनासे होतात, मागील बाकावर कोणी हसते, आणि तो कसाबसा 'आमेन' म्हणून खाली बसतो. पुढच्या रविवारी तो दाराजवळ बसतो. त्याच्या पुढच्या रविवारी येतच नाही. वडील मंडळी म्हणतात, 'त्याला थोडा वेळ द्या.' वेळ दिला जातो. सोबत मात्र कोणी देत नाही. त्याच्या घरी जाऊन शेजारी बसावे, त्याला पाठ असलेले एखादे स्तोत्र त्याच्याबरोबर म्हणावे, मागील प्रसंगाचा विषयही काढू नये, हे करणारा एक मनुष्य निघाला तरी पुष्कळ. अशा मनुष्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. लागते ती एवढीच तयारी की, दुसऱ्याच्या अपयशाचा डाग थोडासा आपल्याही वस्त्रास लागेल, लोक आपल्यालाही भोळा म्हणतील, आणि पौलासारखा जुना मित्र कदाचित् दुरावेल.

बर्णबाही निष्कलंक नव्हता. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौल सांगतो की, यरुशलेमाहून आलेल्या लोकांच्या भीतीने पेत्र अन्य जातींच्या बांधवांबरोबर जेवेनासा झाला, आणि त्या ढोंगात बर्णबाही वाहवत गेला. दुसऱ्यास धीर देणारा स्वतः कधी डगमगत नसेल, असा पुष्कळांचा समज असतो आणि म्हणून ते दुसऱ्यास धीर देण्याचेही टाळतात. बर्णबाच्या चरित्रास तो समज बाधक आहे.

पुढे मार्क पेत्राच्या सहवासात दिसतो. पेत्राच्या पहिल्या पत्राच्या शेवटी त्याचा 'माझा पुत्र' असा उल्लेख आहे. आणि दुसऱ्या शतकाच्या आरंभीचा हिएरापोलिसचा बिशप पापियास याने, मार्क हा पेत्राचा दुभाषी होता, अशी परंपरा नोंदवून ठेवली आहे. त्याच परंपरेने दुसरे शुभवर्तमान मार्काचे मानले जाते. एका परत फिरलेल्याने, ज्याने आपल्या प्रभूस तीन वेळा नाकारले त्याच्या आठवणी लिहाव्यात! त्या ग्रंथात पेत्राचा नकार कोठेही सौम्य केलेला नाही. आणि रिकाम्या कबरीपाशी स्त्रियांना जो निरोप मिळतो, तो इतर शुभवर्तमानांतही आहे. पण शिष्यांबरोबर पेत्राचे नाव वेगळे घेऊन निरोप सांगण्याची आज्ञा एकट्या मार्काच्या ग्रंथात आहे. ज्याचे नाव एकदा यादीतून गळले होते, त्याच्या लेखणीस ते नाव लिहिण्याचे मोल ठाऊक असणारच.

आणि पौल? कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात, मार्क तुमच्याकडे आला तर त्याचा स्वीकार करा, असे तो कळवितो. ज्याने एके काळी त्याला सोबत नेण्याचे नाकारले, तोच आता त्याच्यासाठी परक्यांची दारे उघडवितो. तीमथ्याला लिहिलेले दुसरे पत्र परंपरेने पौलाच्या अखेरच्या बंदिवासातील मानले जाते. देमास सोडून गेला आहे, जवळ एकटा लूक उरला आहे, हिवाळा तोंडावर आहे. त्रोवसात राहिलेला झगा आणि चर्मपत्रे घेऊन लवकर ये, असे तो तीमथ्यास लिहितो. आणि येताना मार्कास बरोबर आण, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे.