चाहता, मद्दाह आणि परस्तार

आम्ही उर्दू शाळेत शिकवतो आणि बाजारहाट मराठीत करतो. त्यामुळे एकाच गोष्टीसाठी दोन-तीन शब्द नेहमी हाताशी असतात. खेळाडूवर किंवा नटावर जीव टाकणाऱ्याला मराठीत ‘चाहता’ म्हणतात. उर्दू वर्तमानपत्रे त्याला ‘मद्दाह’ म्हणतात. मद्ह म्हणजे स्तुती, मद्दाह म्हणजे स्तुती करणारा. त्याच पानावर कधीकधी ‘परस्तार’ हाही शब्द दिसतो, आणि परस्तिश म्हणजे पूजा. इंग्रजीतला ‘फॅन’ निघाला ‘फॅनॅटिक’मधून आणि त्याच्या मुळाशी देवळासाठी असलेला लॅटिन शब्द आहे. अरबीत मात्र फुटबॉल पाहायला जाणाऱ्याला ‘मुशज्जिअ’ म्हणतात. शुजाअत म्हणजे धैर्य. मुशज्जिअ म्हणजे धीर देणारा. हे सगळे एकाच मैदानात, एकाच बाकावर बसलेले असतात, आणि पुष्कळदा एकाच माणसाच्या अंगात असतात. आपण यांतले नेमके कोण, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाही.

आपल्या मोहल्ल्यात या प्रश्नाचे एक उत्तर तयार असते. एखाद्या माणसावर इतके प्रेम करणे ही बुतपरस्तीच आहे, असे मौलवी साहेब जुम्म्याच्या बयानात सांगतात. प्रशंसेत अतिरेक नको, ही शिकवण आपल्या दीनमध्ये आहेच, आणि तिची टिंगल करण्याची आमची इच्छा नाही. परंतु क्रिकेटवेड्यांची जी अवस्था आपण पाहतो तिला पूजा म्हणणे हा पूजेवर अन्याय आहे, असे आम्हांला वाटते. भक्ती काय असते हे महाराष्ट्राला सांगायला नको. श्रीगोंद्याचे शेख महंमद याच मातीतले. वारकरी पाऊस पडला म्हणून पंढरपूरला जातो आणि नाही पडला म्हणून घरी बसतो, असे होत नाही. उलट २००७ च्या विश्वचषकात भारत बांगलादेशाकडून हरला, तेव्हा रांचीत महेंद्रसिंग धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर लोक चालून गेले. त्याच धोनीने २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर षटकार मारून विश्वचषक जिंकून दिला, तेव्हा लोक रात्रभर नाचले. हा भक्त नव्हे, हा सावकार आहे. प्रेम दिले, आता व्याजासकट फेड, नाहीतर घर जप्त!

धीर देणारे प्रेमही या देशाने पाहिले आहे. जुलै १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात अमिताभ बच्चन जबर जखमी झाले. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात ते मृत्यूशी झुंजत होते, तेव्हा मंदिरांत प्रार्थना झाल्या आणि मशिदींत दुआ मागितल्या गेल्या. त्या चित्रपटातला नायक इक्बाल नावाचा हमाल, दंडावर ७८६ चा बिल्ला बांधणारा. मूळ कथेत तो मरणार होता, परंतु मनमोहन देसाईंनी शेवट बदलून त्याला जगवले. खाटेवर पडलेला नट लोकांना काहीच देऊ शकत नव्हता आणि लोक काही मागतही नव्हते, त्याने फक्त जगावे एवढेच.

मद्दाह पाहायचा असेल तर ३१ जानेवारी १९९९ चे चेन्नई आठवावे. सचिन तेंडुलकर पाठीच्या दुखण्यासह १३६ धावा काढून बाद झाला आणि भारत १२ धावांनी हरला. पाकिस्तानचा संघ मैदानाला फेरी मारू लागला, तेव्हा चेपॉकचे प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. पुढच्याच महिन्यात कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर तोच सचिन धावबाद दिला गेल्यावर एवढा दंगा झाला की प्रेक्षकांना बाहेर काढून सामना रिकाम्या मैदानात संपवावा लागला. देश तोच, खेळ तोच, खेळाडूही बहुतेक तेच.

दोन्ही सामन्यांत भारताचा कर्णधार होता मोहम्मद अझरुद्दीन. अझर आमच्या पिढीच्या घराघरांत होता. पहिल्या तीन कसोटींत तीन शतके काढणारा, मनगटाच्या एका वळणावर चेंडू सीमेपार धाडणारा. डिसेंबर २००० मध्ये सामना-निश्चितीच्या प्रकरणात क्रिकेट मंडळाने त्याच्यावर आजन्म बंदी घातली. २०१२ मध्ये आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने ती बंदी बेकायदा ठरवली, परंतु तोवर ९९ कसोटींवर त्याची कारकीर्द थांबली होती. त्या डिसेंबरमध्ये आपल्याकडे काय झाले? काहींनी, तो मुसलमान आहे म्हणून अडकवला, असा निकाल चहाच्या टपरीवर देऊन टाकला. त्याच निर्णयात अजय शर्मांवरही आजन्म बंदी आली होती, हे त्यांना ऐकायचे नव्हते. इतरांनी भिंतीवरचे चित्र काढले आणि आम्हांला तो कधी आवडलाच नव्हता, असे सांगू लागले. पहिल्यांना अझर स्वच्छ हवा होता, दुसऱ्यांना त्याची लाज वाटत होती. एक चांगला फलंदाज आणि एक चुकू शकणारा माणूस एकाच अंगरख्यात असू शकतो, हे दोघांनाही परवडत नव्हते.

बुखारी शरीफमध्ये एक हदीस आहे. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांची अज़बा नावाची उंटीण होती, शर्यतीत कोणी तिला मागे टाकू शकत नसे. एके दिवशी वाळवंटातला एक बद्दू आपल्या तरण्या उंटावर आला आणि पुढे निघून गेला. मुसलमानांना ते फार लागले. प्रेषितांनी त्यांच्या मनातले ओळखले. त्यांनी ना बद्दूला दोष दिला ना उंटिणीला. जगात जे वर चढते त्याला अल्लाह खालीही आणतो, एवढेच त्यांनी समजावले. ही हदीस आम्ही मुलांना सांगतो तेव्हा त्यांना पहिले नवल याचे वाटते की सहाबांनाही हार लागत होती! हार लागणे गैर नाही. प्रश्न त्यानंतर आपण काय करतो याचा आहे.

मोहम्मद शमीचे पाहा. २४ ऑक्टोबर २०२१ रोजी दुबईत भारत पाकिस्तानकडून दहा गडी राखून हरला. अकरा जण हरले, शिव्या मात्र शमीला त्याच्या नावावरून पडल्या. विराट कोहली उघडपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला, हे नोंदवलेच पाहिजे. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी वानखेडेवर शमीने न्यूझीलंडचे सात गडी ५७ धावांत टिपले आणि सारे मैदान त्याचे नाव घेऊ लागले. मग मार्च २०२५ आला. रमजानचा महिना, पुन्हा दुबई, ऑस्ट्रेलियाविरुद्ध उपांत्य सामना, आणि शमी पाणी पिताना कॅमेऱ्यात दिसला. या वेळी दगड आपल्या बाजूने आला. बरेलीच्या एका मौलानांनी त्याला गुन्हेगार ठरवले. मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे, असे इतर आलिमांनी सांगितले, तेव्हा कुठे आवाज थोडा खाली आला. २०२१ मध्ये त्याच्या देशप्रेमाचा हिशेब मागणारे आणि २०२५ मध्ये त्याच्या रोज्याचा हिशेब मागणारे एकमेकांचे शत्रू असतील. परंतु हा माणूस आपल्या मालकीचा आहे, या एका गोष्टीवर त्यांचे एकमत आहे.

आणि हिशेब आता खेळाडूपाशी थांबत नाही. २३ फेब्रुवारी २०२५ च्या भारत-पाकिस्तान सामन्याच्या वेळी मालवणात एका पंधरा वर्षांच्या मुलाने देशविरोधी घोषणा दिल्याचा आरोप झाला. दुसऱ्याच दिवशी त्याच्या वडिलांचे भंगाराचे दुकान पाडले गेले. पुढच्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याबद्दल नोटीस काढली. घोषणा दिली की नाही हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. आम्हांला दिसते ते पंधरा हे वय. ती आमच्या वर्गातली मुले आहेत.

सातवीच्या मुलांना आम्ही दरवर्षी ‘मेरा पसंदीदा खिलाड़ी’ हा निबंध घालतो. अलीकडे एका मुलाने पानभर लिहिले, गोलंदाजाची धाव, खांद्याची झेप, जुना चेंडू शेवटच्या क्षणी आत वळतो तो कसा. मुलगा स्वतः डावखुरा गोलंदाज आहे आणि हे सारे त्याने नीट पाहिले होते. फक्त खेळाडूचे नाव कुठेच नव्हते. विचारल्यावर म्हणाला, “सर, अब्बांनी सांगितलंय, शेजारच्या देशाचं नाव वहीत नको.” वडील भित्रे नाहीत, त्यांचे स्टँडजवळ पंक्चरचे दुकान आहे आणि ते वर्तमानपत्र वाचतात. निबंधात इम्ल्याच्या दोनच चुका होत्या. आम्ही दहापैकी आठ गुण दिले आणि नावाची जागा रिकामीच राहू दिली.