झाडणाऱ्या हातांचे ऋण

सकाळी आपले मूल शाळेच्या फाटकातून आत जाते तेव्हा वर्ग झाडलेला असतो, फळा पुसलेला असतो, पिण्याच्या पाण्याची टाकी भरलेली असते आणि शौचालयाचे दार उघडताना त्याला नाक दाबावे लागत नाही. हे सारे आपोआप होते असे मुलाला वाटते. त्याच्या वयाला ते शोभतेही. परंतु तुम्हा-आम्हा मोठ्यांनाही तसेच वाटत असते, ही मात्र विचार करण्यासारखी गोष्ट आहे. वर्गशिक्षिकेचे नाव आपल्याला ठाऊक असते, मुख्याध्यापकांचे असते, शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचेही असते. सर्वांच्या आधी येऊन शाळेचे कुलूप उघडणाऱ्या शिपायाचे किंवा मुलांची घाण साफ करणाऱ्या मावशींचे पूर्ण नाव आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? हा प्रश्न आपण स्वतःला प्रामाणिकपणे विचारून पाहावा.

काहींना हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न वाटेल. परंतु प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या जीवनातील एक प्रसंग असा आहे, की तो वाचल्यानंतर ही गोष्ट शिष्टाचारापुरती राहत नाही.

मदीनेच्या मशिदीला तेव्हा संगमरवरी फरशी नव्हती. खजुरीच्या बुंध्यांचे खांब, झावळ्यांचे छप्पर आणि खाली माती, अशी ती वास्तू होती. तेथे एक काळ्या वर्णाची स्त्री केर काढत असे. चिंध्या, काटक्या, पाचोळा वेचून ती मशीद स्वच्छ ठेवी. काही विद्वानांनी तिचे नाव उम्मे मिहजन असे सांगितले आहे. परंतु हदीसच्या अनेक कथनांत तिचे नावदेखील येत नाही. काही दिवस ती दिसली नाही, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) तिच्याबद्दल विचारणा केली. तिचे निधन झाल्याचे सहाबांनी सांगितले. रात्रीच तिचे दफन उरकले होते आणि प्रेषितांना कळवलेही नव्हते. मला का कळवले नाही, असे त्यांनी विचारले, तिची कबर दाखवण्यास सांगितले आणि तेथे जाऊन तिच्यासाठी नमाज अदा केली. माननीय अबू हुरैरा (रजि.) यांनी निवेदन केलेला हा प्रसंग सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आलेला आहे.

या कथनात एक छोटासा तपशील आहे आणि माझ्या मते साऱ्या प्रसंगाचे मर्म त्यातच आहे. सहाबांनी प्रेषितांना का कळवले नाही? त्या स्त्रीबद्दल त्यांच्या मनात द्वेष नव्हता. तिला त्यांनी सन्मानाने दफन केले होते. कथन करणारा इतकेच सांगतो, की तिचा विषय त्यांना जणू लहान वाटला. तिरस्कार करणाऱ्याला आपण तिरस्कार करतो हे निदान ठाऊक असते. कधीतरी त्याला त्याची लाजही वाटू शकते. एखाद्याला लहान समजणाऱ्याला मात्र आपण काही चुकीचे करत आहोत याची जाणीवच होत नाही. म्हणून हा दोष सज्जन माणसांतही सहज वस्तीला येतो. सहाबांसारख्या पुण्यवान समूहालाही प्रेषितांना तो दाखवून द्यावा लागला, तर तुम्ही-आम्ही त्यातून सुटलो आहोत असे कशाच्या बळावर म्हणावे?

मी सुटलो नाही, हे मला कबूल केले पाहिजे. ज्या प्राथमिक शाळेत मी शिकलो तेथे एक शिपाई होते. सारी शाळा त्यांना मामा म्हणे. ते घंटा वाजवीत, माठ भरीत, वर्ग झाडीत, शौचालय धूत. त्यांच्या सामानाच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती. तिच्यात निरनिराळ्या मापांच्या चड्ड्या, सलवारी, सदरे धुऊन घडी करून ठेवलेले असत. पहिली-दुसरीतल्या एखाद्या मुलाचे कपडे वर्गातच ओले झाले, की मामा त्याला काही काम सांगितल्यासारखे करून बाहेर बोलावीत, पेटीतले कपडे चढवीत आणि ओले कपडे धुऊन, वाळवून, वर्तमानपत्रात गुंडाळून सुटीच्या वेळी त्याच्या दप्तरात ठेवीत. एक दिवस ते मूल मीही होतो. त्यांनी मला एक अक्षरही विचारले नाही. पुढे कधी त्या गोष्टीची आठवणही करून दिली नाही. ते कपडे मामा आठवडी बाजारातून स्वतःच्या पैशांनी आणत, हे मला कितीतरी वर्षांनी कळले.

मोठेपणी हदीस वाचताना गावकुसाबाहेरून आलेल्या त्या बदूची हकीकत समोर आली, ज्याने अजाणतेपणी मशिदीतच लघवी केली होती. लोक त्याच्यावर धावून गेले. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना थांबवले, त्याला अडवू दिले नाही आणि नंतर त्या जागेवर बादलीभर पाणी ओतायला सांगितले. घाण धुतली गेली आणि माणसाची अब्रूही वाचली. हे वाचताना मला पत्र्याची ती पेटी आठवली. मामांनी ही हदीस वाचली होती की नाही, मला माहीत नाही. ती त्यांच्या हातून रोज घडत होती, एवढे मात्र मी पाहिले होते.

मामा वारले तेव्हा मी त्याच शहरात होतो. मला आठ दिवसांनी कळले. कोणी कळवले नाही, अशी तक्रार मी एका वर्गमित्रापाशी केली. त्यावर तो म्हणाला, "तू तरी इतक्या वर्षांत कधी विचारलेस का?" मदीनेत निदान विचारणारे कोणी होते. आमच्या शाळेच्या शेकडो विद्यार्थ्यांत विचारणारा कोणीच निघाला नाही, आणि त्या शेकडोंत मीही होतो.

यावर काही आक्षेप घेतले जातात. त्यांचा विचार करणे आवश्यक आहे. पहिला आक्षेप असा, की शिपायाला पगार मिळतो. काम केले, दाम घेतला, हिशेब मिटला. मग ऋण कसले? पगार वेळेचा आणि नेमून दिलेल्या कामाचा मोबदला असतो, हे खरे आहे. परंतु कपड्यांची ती पेटी कोणत्या नेमणूकपत्रात लिहिलेली होती? मुलाची लाज झाकण्यासाठी कोणते वेतन ठरलेले होते? नेमून दिलेल्यापेक्षा अधिक आणि अधिक चांगले करणे, कोणी पाहत नसताना अल्लाह पाहत आहे या जाणिवेने करणे, याला इस्लाममध्ये एहसान म्हटले आहे. एहसानाची परतफेड पगाराच्या रकान्यात बसत नाही.

दुसरा आक्षेप धार्मिक वृत्तीच्या लोकांकडून येतो. ज्याने अल्लाहसाठी काम केले त्याला लोकांच्या कौतुकाची काय गरज? उलट स्तुतीने दिखाऊपणा शिरण्याची भीती असते. यात तथ्य आहे. सेवकाचा मोबदला अल्लाहपाशी सुरक्षित आहे. आपण आभार मानले नाहीत म्हणून तो तिळभरही कमी होणार नाही. मात्र आभाराची गरज सेवकापेक्षा आपल्यालाच अधिक आहे. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचेही आभार मानत नाही, अशा आशयाची शिकवण प्रेषितांनी (सल्ल.) दिली आहे. कृतज्ञता हा मनाचा एकच गुण आहे. माणसांच्या बाबतीत ज्याचा तो गुण मेला, त्याची सज्द्यातील कृतज्ञता जिवंत राहील कशी?

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. गरीब कामगाराला शाल-नारळ देऊन, त्याच्या सेवाभावाचे गोडवे गाऊन लोक त्याचा हक्क मारतात, असे काही जण म्हणतात. हे दुर्दैवाने खरे आहे. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या बहुसंख्य प्राथमिक शाळांत शिपाई नसतो. झाडणे-पुसणे गुरुजी आणि मुले मिळून करतात. अनुदानित खाजगी शाळांत रिक्त होणाऱ्या चतुर्थश्रेणी पदांवर कायम नेमणुकीऐवजी ठोक भत्ता देण्याचा निर्णय राज्य शासनाने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. आपल्या समाजाच्या संस्थांचा हिशेब तर आपणच तपासला पाहिजे. शाळेच्या कमानीवर रोषणाई करताना हात सैल सुटतो आणि सफाई करणाऱ्या मावशींच्या वेतनाची वेळ आली की निधीची अडचण आठवते, असे होत नाही ना? मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण भाषणांत अभिमानाने सांगतो. तेव्हा क्रम स्पष्ट असला पाहिजे. आधी हक्क, मग कौतुक. हक्क बुडवून केलेले कौतुक ही फसवणूक आहे.

याहून कडू असा एक विषय आहे. आपल्या देशात झाडू हा जन्माशी बांधला गेला आणि ही बेडी मुसलमानांनीही पुरती तोडली नाही. सफाई करणाऱ्या बिरादरीला मोगल काळापासून 'हलालखोर' म्हटले जाई. शब्दाचा अर्थ किती सुंदर आहे! हलालखोर म्हणजे वैध कमाई खाणारा. मुंबई महापालिकेच्या 1888 च्या कायद्यातही सफाईच्या कराला हलालखोर कर असेच नाव होते. परंतु ज्यांना हे नाव दिले त्यांच्या घरी आपण जेवलो का? त्यांच्याशी सोयरीक केली का? नावात सन्मान आणि पंगतीत अंतर, हा आपला व्यवहार राहिला. वास्तविक सूरह हुजुरातमध्ये श्रेष्ठत्वाची कसोटी वंश किंवा जमात नसून तकवा आहे, असे असंदिग्ध शब्दांत सांगितलेले आहे. माननीय अबू जर (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींनी एकाला त्याच्या आईवरून हिणवले, तेव्हा तुमच्यात अजून अज्ञानकाळाचा अंश आहे, असे प्रेषितांनी त्यांना स्पष्ट सुनावले आणि सेवक हे तुमचे भाऊ आहेत याची आठवण करून दिली.

स्वच्छतेचे काम हलके आहे असे मानण्यास दिव्य कुरआनात तर आधारच सापडत नाही. सूरह बकरातील आयत 125 पाहा. माननीय इब्राहीम (अलै.) आणि इस्माईल (अलै.) यांना अल्लाहने आपले घर तेथे येणाऱ्या उपासकांसाठी स्वच्छ आणि पवित्र राखण्याची आज्ञा दिली. त्या पवित्रतेत मूर्तिपूजेपासूनची शुद्धता अभिप्रेत आहे आणि बाह्य स्वच्छताही. म्हणजे इतरांच्या उपासनेसाठी जागा स्वच्छ ठेवण्याचे दायित्व दोन प्रेषितांच्या खांद्यावर आलेले आहे. स्वतः प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी मशिदीच्या भिंतीवरील थुंकी आपल्या हाताने खरवडून काढली होती. आपल्याच महाराष्ट्रात गाडगेबाबा ज्या गावी जात ते गाव आधी झाडून काढीत आणि मग रात्री कीर्तन करीत. उपदेशाआधी झाडू, हा क्रम त्यांनी जन्मभर पाळला. ज्ञान मिळवणे हे आपल्याकडे कर्तव्य मानले आहे. मग ज्ञानाचे ठिकाण स्वच्छ ठेवणारा माणूस त्या कर्तव्यातील भागीदार नाही काय? शाळेतील शौचालय घाण असले की वयात येणाऱ्या मुलींचे शिक्षण सुटते, हे आपण अनेक गावांत पाहतो. तेथे एका मावशीच्या निष्ठेने टिकलेली मुलगी उद्या शिक्षिका झाली, तर त्या पुण्यात मावशींचा वाटा किती असेल, हे अल्लाहच जाणो.

वाचकहो, आता आपल्या घरापासून प्रारंभ करू या. आज रात्री जेवताना मुलांना विचारा, तुमची शाळा कोण झाडते? नाव माहीत नसेल तर उद्या विचारून येण्यास सांगा. वयाने वडीलधाऱ्या सेवकाला एकेरी हाक मारण्याची सवय असेल तर ती तेथेच मोडा; मामा, चाचा, मावशी, खाला ही नाती आपल्या भाषांनी याचसाठी दिली आहेत. मुलाने वर्गात कागद टाकला तर त्यानेच तो उचलावा, असा धडा घरी द्या. जपानमध्ये मुले आपले वर्ग स्वतः झाडतात आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. मात्र आपल्याकडे मुलांना झाडायला सांगितले की झाडू नेमका कोणाच्या हाती जातो, मुलींच्याच का, गरिबांच्याच का, याकडेही लक्ष ठेवा. पालक-सभेत गेलात तर गुणांची चौकशी झाल्यावर एक प्रश्न आणखी विचारा, की सफाई करणाऱ्यांचे वेतन वेळेवर होते का, आणि त्यांना हातमोजे, साबण मिळतात का. आणि ज्यांनी तुमच्या लहानपणी तुमची शाळा झाडली ते हयात असतील, तर या शुक्रवारी नमाजनंतर त्यांच्या घरी जा. सोबत काही न्या किंवा नेऊ नका, पण जा.

मी फार उशिरा गेलो. कब्रस्तानच्या रखवालदाराने एक मातीचा उंचवटा दाखवला. त्यावर नावाची पाटी नव्हती. मी तेथे उभे राहून दुआ केली आणि परतताना मनात एवढेच आले, की मशीद झाडणारी ती स्त्री दिसेनाशी झाली तेव्हा अल्लाहच्या प्रेषितांना तिची उणीव भासली होती. आपल्या मुलांच्या शाळेतून उद्या एखादे मामा किंवा मावशी दिसेनाशा झाल्या, तर ती उणीव कोणाला भासेल?

अल्लाह आपल्याला कोणाही माणसाला लहान समजण्यापासून वाचवो, कष्टकऱ्यांचे हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो आणि आपल्या शाळा झाडत झाडत निघून गेलेल्या सर्व सेवकांच्या कबरी प्रकाशाने भरून टाको. आमीन.