एक बंदूक, अनेक नळ्या

शिकारी शस्त्रांच्या व्यापारात एक सोय आता चांगलीच रूढ झाली आहे. रायफलीचा दस्ता एक, चाप एक, खांद्याला झालेली सवय एक. नळ्या मात्र दोन, तीन किंवा चार, आणि प्रत्येकीचा व्यास निराळा. लहान जनावरासाठी बारीक नळी, हरिणासाठी वा डुकरासाठी मध्यम, अस्वलासारख्या भारी जनावरासाठी जाड. एक नळी उतरवावी, दुसरी चढवावी, तिच्या मापाचे काडतूस भरावे, की काम झाले. जर्मनीतील ब्लेझर कारखान्याने १९९३ मध्ये आणलेली आणि २००८ मध्ये सुधारून काढलेली रायफल याच जातीची. कल्पना मात्र बरीच जुनी आहे. हिंदुस्थानी सैन्यातील कर्नल फॉसबेरी याने १८८५ च्या सुमारास एकाच नळीच्या तोंडाशी आतून पेच पाडून तिच्यातून छर्रे आणि गोळी दोन्ही सोडण्याची युक्ती शोधली आणि लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीने ती बंदूक ‘पॅराडॉक्स’, म्हणजे विरोधाभास, या नावाने विकली. नाव देणाऱ्याला आपण किती खरे बोलून गेलो याची कल्पना असेलच असे नाही.

अशा चार नळ्यांच्या रायफलीचा धनी जेव्हा म्हणतो, ‘मजपाशी बंदूक एकच आहे,’ तेव्हा तो खरे बोलतो काय? हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटेल. परंतु वस्तू एक की अनेक, हे ठरविण्याचे माप कोणते, आणि ते माप कोणी ठरवावयाचे, या दोन गोष्टी त्यात दडलेल्या आहेत. आणि ज्यांच्या घरी बंदूक नाही त्यांच्याही कपाटात हा प्रश्न निराळ्या रूपाने ठेवलेला असतो.

कायद्याने यावर आपापली उत्तरे दिली आहेत, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याप्रमाणे बंदूक म्हणजे तिचा मुख्य सांगाडा. सामान्य नळी सुटी असेल तर ती नुसती लोखंडी वस्तू. आमच्या १९५९ च्या शस्त्र कायद्याने मात्र शस्त्राच्या व्याख्येतच त्याचे भाग घातले आहेत. तोच कायदा परवानेदारास पूर्वी तीन बंदुका ठेवू देई. २०१९ च्या दुरुस्तीने ती संख्या दोनवर आणली. नैयायिकांना हा वाद ऐकून आनंद झाला असता. अवयवी हा अवयवांहून निराळा आहे असे ते मानतात. बौद्धांचा नागसेन तर राजा मिलिंदापुढे रथाचे चाक, आस, दांडा एकेक करून वेगळे करतो आणि मग रथ कोठे आहे म्हणून विचारतो. अमेरिकन कायदा सांगाड्यात रथ पाहतो. आमचा कायदा चाकातही रथ पाहतो. आमच्या मते दुसऱ्याची दृष्टी अधिक शहाणपणाची आहे, कारण ज्या भागाने जीव जातो त्यास भाग म्हणून सोडून देणे तिला मान्य नाही.

तथापि कायदा मोजतो ते लोकांच्या सुरक्षिततेसाठी. धर्मबुद्धीचे मोजणे निराळे. योगसूत्रांवरील व्यासभाष्यात अपरिग्रहाचा विचार करताना वस्तूंची संख्या कोठेच येत नाही. मिळविण्याचा दोष, राखण्याचा दोष, नाशाचा दोष, आसक्तीचा दोष आणि हिंसेचा दोष, हे पाच पाहून जो घेण्याचेच टाळतो तो अपरिग्रही, असा त्या विवेचनाचा आशय आहे. ही पाच मापे आमच्या रायफलीला लावून पाहावीत. मिळविणे: प्रत्येक नळीचा दाम वेगळा मोजावा लागतो. राखणे: पावसाळ्यात प्रत्येक नळीला स्वतंत्र तेल. नाश: गंज एकीला लागला म्हणून दुसरी वाचत नाही. आसक्तीविषयी तर बोलावयासच नको. दोन नळ्या असलेल्या मनुष्याला तिसरी हवीशी वाटते, आणि ‘बंदूक तर एकच आहे’ हे वाक्य त्या इच्छेला फार सोयीचे पांघरूण होते. हिंसेच्या खात्यात प्रत्येक नळीमागे एका जातीच्या जनावराचे नाव लिहिलेले आहे. या पाचांपैकी एकाही ठिकाणी ती वस्तू एक राहत नाही. खंडेनवमीला हा गृहस्थ शस्त्रे पाटावर मांडील तेव्हा फूल एकच वाहील काय? आमची खात्री आहे की तो प्रत्येक नळीला फूल वाहील. हात जे जाणतो ते जीभ बोलत नाही, इतकेच.

परंतु या रायफलीच्या बाजूने जे खरोखर बोलता येण्यासारखे आहे ते न सांगणे अन्यायाचे होईल. चुकीच्या मापाची गोळी जनावर मारीत नाही, जखमी करते. बारीक गोळी खाऊन पळालेला गवा दिवसेंदिवस रानात कुजत राहतो, किंवा वाटेने जाणाऱ्या परक्याच माणसावर उलटतो. योग्य जनावरास योग्य नळी, आणि तीही हाताला पक्की सवय झालेल्या दस्त्यावर, यात मरणाऱ्या जिवाचे दुःख कमी आहे. महाभारतात पांडूने मृगरूपातील किंदम ऋषीला बाण मारला, तेव्हा ऋषीचा आक्षेप मृगयेवर नव्हता. मैथुनाच्या क्षणी, न थांबता, निर्दयपणे मारण्यावर होता. म्हणजे मारावे की नाही याखेरीज कसे मारावे हाही धर्माचा प्रश्न आहे, हे आमच्या पूर्वजांस ठाऊक होते. जनावराच्या बाजूने पाहिले तर चार नळ्यांचे समर्थन होऊ शकते. धन्याच्या साधेपणाच्या बाजूने मात्र होत नाही, आणि लोक समर्थन करतात ते नेमके या दुसऱ्या बाजूने.

आता हा विचार आमच्या जोयडा तालुक्यात आणून पाहू. येथे असली रायफल घेऊन कोणी रानात जाईल हे कायद्याने अशक्य आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीस बांध घातला आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याची शिकार संपविली. दांडेलीचे अभयारण्य १९५६ चे, अणशीचे राष्ट्रीय उद्यान १९८७ चे. दोन्ही मिळून २००७ मध्ये व्याघ्रप्रकल्प झाला आणि २०१५ पासून त्याला काळी नदीचे नाव आहे. ती नदी याच तालुक्यातील डिग्गीला उगम पावते. जुने सुपे गाव तिच्यावरील धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तालुक्याचे नावही त्याबरोबर बदलले. अशा ठिकाणी शिकारीची चैन कोण करणार? तरीही येथील काही शेतकऱ्यांच्या घरी परवान्याची बंदूक असते. ती ठासणीची, एकनळी, पिकाच्या राखणेसाठी म्हणून दिलेली.

राखण हा शब्द आमच्या वाचकांस समजावून द्यावयास नको. गावच्या सीमेवर राखणदार असतो, त्याला नारळ ठेवला जातो, रानात वाघ्रोदेव असतो. शिकार करणारा जनावराच्या घरी जातो. राखण करणाऱ्याच्या घरी जनावर येते. जोयड्याच्या कुणब्यांची कंदमुळे प्रसिद्ध आहेत; त्यांचा मेळाच येथे भरतो. परंतु माणसाला जो कंद गोड लागतो तो रानडुकरालाही लागतो, आणि डुकराला तो उकरून काढण्यासाठी कुदळ लागत नाही. एका रात्रीत वर्षाचे कष्ट उलटेपालटे होतात. कायद्यातही उभ्या पिकाची नासाडी हे कारण मान्य आहे, पण त्यासाठी अधिकाऱ्याची लेखी परवानगी हवी. ती हाती येईपर्यंत डुकराने थांबावे अशी अपेक्षा दिसते.

आता गंमत अशी की ही गरीब ठासणीची बंदूक हीच खरी एक-अनेक आहे. तिच्यात नुसती दारू भरली तर ती आवाज करते आणि जनावर पळते. छर्रे भरले तर पाखरे उठतात. मोठी गोळी ठासली तर डुक्कर पडते. नळी तीच, बदलते ते भरणाऱ्याचे मन. दारू ओतावी, बोळा ठासावा, गजाने दाबावे, टोपी बसवावी, या खटाटोपात एक वेळ जातो, आणि त्या वेळात मनुष्याला ठरवावे लागते की आज मी भिववणार आहे की मारणार आहे. पूजेला बसताना हातावर पाणी घेऊन संकल्प सोडतात, तसाच हा संकल्प. चार नळ्यांचा धनीही घरातून निघताना नळी निवडतो, म्हणून संकल्प त्याचाही होतो असे कोणी म्हणेल. खरे आहे. पण त्याच्या चारही निवडींत मारणे ठरलेलेच असते. कोणाला, एवढेच शिल्लक राहते. ठासणीच्या बंदुकीत न मारण्याचीही एक भरणी आहे, आणि बहुतेक रात्री तेवढीच पुरते.

याचा अर्थ दारिद्र्य म्हणजे सद्गुण असा मात्र कोणी काढू नये. ठासणीची बंदूक नेम चुकवते, जखमी करते, भिजलेल्या दारूने ऐन वेळी दगा देते. जनावराच्या दुःखाचा हिशेब मांडला तर ती चार नळ्यांच्या रायफलीपेक्षा क्रूर ठरू शकते, आणि हा आक्षेप आम्हांस पुसून टाकता येत नाही. म्हणून दोहोंतील भेद साधनाच्या किमतीत शोधणे व्यर्थ आहे. तो एवढ्यातच आहे की एकीचे असणे शेताच्या काठाशी बांधलेले आहे आणि दुसरीचे धन्याच्या हौसेशी. शेत पडीक पडले, कंद लावणारे हात शहरात गेले, तर पहिलीचे कारण संपते. दुसरीचे कारण कधी संपावे?

अर्जुनाचे गांडीव एकच होते, आणि त्याचे भाते अक्षय होते. एका धनुष्यातून त्याने नाना प्रकारची अस्त्रे सोडली. एक शस्त्र आणि अनेक सामर्थ्ये यांचे याहून मोठे उदाहरण आमच्या वाङ्मयात नाही. परंतु ते धनुष्य त्याचे नव्हते. खांडववनाच्या प्रसंगी अग्नीच्या सांगण्यावरून वरुणाने ते दिले होते, आणि महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी आडवा येऊन ते परत मागतो. राज्य, नगर, आप्त सर्व सोडून निघालेल्या अर्जुनाने तोवर गांडीव मात्र सोडलेले नव्हते. ते भात्यांसह पाण्यात टाकावे लागले. व्यासांनी हा प्रसंग तेथेच का घातला, यावर पुष्कळ बोलता येईल. आम्हांस त्यातील एकच गोष्ट येथे हवी आहे: ज्याला परत देण्याची वेळ ठरलेली आहे त्याचीच मालकी निर्धास्त असते.

जोयड्याच्या शेतकऱ्याला ही परत देण्याची सवय दर निवडणुकीला करावी लागते. निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात, आणि निकाल लागून सर्व शांत झाल्यावर त्या परत मिळतात. या नियमाविरुद्ध शेतकरी कुरकुरतात, आणि त्यांची कुरकुर अनाठायी नाही. त्या दिवसांत राखण होते ती डबे वाजवून, शेताच्या कडेला आगटी पेटवून आणि कुत्र्यांच्या भरवशावर. डुकरे येतात, काही कंद जातात, काही उरतात. मग एके दिवशी धनी पावती घेऊन ठाण्यावर जातो, आणि शिपाई पावतीवरचा क्रमांक बंदुकीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहून ती त्याच्या हवाली करतो.