डहाणूचा न्याय चंद्रपूरला का नाही?

चिमणीतून काळा धूर निघाला की आपण ओरड करतो. धूर दिसेनासा झाला की निर्धास्त होतो. औष्णिक वीज केंद्रांच्या बाबतीत ही सवय घातक आहे.

भारतीय कोळशात साधारण ३५ ते ४० टक्के राखच असते. ती अडवण्यासाठी बॉयलर आणि चिमणी यांच्यामध्ये ईएसपी (इलेक्ट्रोस्टॅटिक प्रेसिपिटेटर) असतो. त्यात राखेचे कण विद्युतभारित होऊन पोलादी पत्र्यांना चिकटतात. ठरावीक वेळाने पत्र्यांवर हातोडे पडतात आणि राख खालच्या हॉपरमध्ये झडते. यंत्रणा नीट चालली तर ९९ टक्क्यांहून अधिक राख इथेच अडते. सल्फर डायऑक्साइड मात्र वायू आहे. तो पत्र्यांना चिकटत नाही, डोळ्यांना दिसत नाही. हवेत त्याचेच सल्फेटचे अतिसूक्ष्म कण होतात आणि वाऱ्याबरोबर दूरदूरच्या माणसांच्या फुफ्फुसांत उतरतात.

यावर उपाय आहे, आणि तो महाराष्ट्रात झालेलाही आहे. डहाणूच्या ५०० मेगावॉटच्या केंद्रात २००७मध्ये एफजीडी (फ्लू गॅस डिसल्फरायझेशन), म्हणजे धुरातले गंधक काढणारे संयंत्र बसले. तिथे समुद्राच्या पाण्याने धूर धुऊन गंधक काढले जाते. हे सहजासहजी घडले नाही. चिकूच्या बागांचा हा तालुका १९९१मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. स्थानिकांनी न्यायालयीन लढा दिला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले आणि त्याने एफजीडीचा आग्रह अखेरपर्यंत सोडला नाही.

चंद्रपूरचे केंद्र २९२० मेगावॉटचे, म्हणजे डहाणूच्या जवळजवळ सहापट. २००९च्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत चंद्रपूर देशात चौथे होते. इथे समुद्र नाही, पण राजुरा-कोरपन्यात चुनखडी आहे. चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून तिने धूर धुतला की जिप्सम तयार होते, आणि जिप्सम लागणारे सिमेंट कारखाने याच जिल्ह्यात आहेत. दुखणे इथले, औषधही इथलेच.

तरीही काय झाले? डिसेंबर २०१५मध्ये केंद्र सरकारने गंधकाची मर्यादा घालून दोन वर्षांची मुदत दिली. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली. जुलै २०२५च्या अधिसूचनेने देशातील बहुतेक केंद्रांना या मर्यादेतून सूटच दिली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक घ्यायचे ठरले.

आपल्या कोळशात गंधक कमी, हा सूट देणाऱ्यांचा युक्तिवाद खरा आहे. पण त्याची उष्णताही कमी, म्हणून तेवढ्याच विजेसाठी कोळसा जास्त जाळावा लागतो. एफजीडीला पैसा, पाणी आणि वीज लागते, हेही खरे. त्याने कार्बन डायऑक्साइड तर मुळीच अडत नाही, तेव्हा नव्या कोळसा प्रकल्पांचे समर्थन त्यातून निघत नाही. पण उभी असलेली केंद्रे आणखी कित्येक वर्षे चालणार आहेत आणि त्यांच्या छायेतली माणसे आज श्वास घेत आहेत.

तंत्रज्ञान दोन्हीकडे मिळण्यासारखे होते. डहाणूकडे जास्तीचे होते ते दाद मागायला जवळचे, अधिकार असलेले ठिकाण. तसे प्राधिकरण चंद्रपूरला हवे. त्याच्या सुनावण्या चंद्रपुरातच, मराठीत व्हाव्यात. चिमणीतल्या उत्सर्जनाची सतत नोंद होतच असते. ते आकडे प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. आणि ही मागणी एकट्या चंद्रपूरकरांवर सोडू नये. राज्याच्या ग्रिडमधून चंद्रपूरची वीज वापरणाऱ्या मुंबई-पुण्याने ती त्यांच्या बरोबरीने लावून धरली पाहिजे.