दहा बैठका

कऱ्हेकाठच्या एका गावात तालीम चालवणाऱ्या वस्तादांच्या डाव्या पोटरीवर हिरव्यानिळ्या शिरांचं जाळं उठलं होतं. उभा जन्म आखाड्याच्या कडेला उभं राहून पोरं लढवण्यात गेलेला. घोट्याजवळची कातडी काळवंडली, खाज सुटली, तरी त्यांनी तेलच चोळलं. जत्रांचा हंगाम सरला तेव्हा कुठं बारामतीला जाऊन लेसरनं ती शीर बंद करून घेतली.

डॉक्टरांनी बजावलं होतं : आजपासूनच थोडंथोडं चाला, घट्ट मोजे घाला, एका जागी ताटकळू नका, जोर-बैठका आणि कुस्ती मी सांगेपर्यंत बंद. वस्तादांनी यातलं शेवटचं तेवढं ऐकलं आणि घरी येऊन खाट धरली.

"अवो, चालाय सांगितलंय," बायको म्हणाली.

"चालणं काय व्यायाम हाय का? बाजाराला जाणारं बी चालतंय."

मेहनत नाहीतर आराम, मधलं काही पैलवानाला सहसा शिकवलेलं नसतं. पडून पडून कंटाळले, तसे एका पहाटे गुपचूप तालमीत शिरले. सांगितल्यापेक्षा एक बैठक जास्त मारायची, हा त्यांचाच नियम. त्या दिवशी तर मोजदादच राहिली नाही. संध्याकाळपर्यंत पोटरी टणक सुजली.

डॉक्टरांनी आधी सोनोग्राफी केली. आतल्या मोठ्या शिरेत गाठ धरली असती तर ती फुप्फुसापर्यंत जाऊन जिवावर बेतू शकली असती. सुदैवानं तसं काही नव्हतं. मग त्यांनी विचारलं, "विहिरीवरच्या मोटारीचा फुटव्हॉल गेला तर काय होतं?"

"पाणी माघारी विहिरीत."

"शिरांतल्या झडपांचं तेच. गळकी लाइन मी बंद केली, रक्त आता चांगल्या शिरांतून वर जातंय. ते चढवणारी मोटार म्हणजे पोटरी, अन् ती पावलागणिक चालते. खाटेवर पडलात की मोटार बंद. श्वास कोंडून जोर लावलात की पोटातला दाब वाढतो, अन् पायातलं रक्त वर चढायचं अडतं."

जिरायत भागातल्या माणसाला एवढं पुरे.

दुसऱ्या दिवसापासून वस्ताद पायात मोजा चढवून नदीवरच्या बंधाऱ्यापर्यंत जाऊ लागले. पहिले काही दिवस गावानं टिंगल केली; पोरांना तर वस्तादांना नुसतं चालताना बघवेना. तुकोबांची पालखी बारामतीला आली तेव्हा बायकोबरोबर ते थांबत, झाडाखाली पाय उंच करून टेकत काटेवाडीपर्यंत गेले. मेंढ्यांचं रिंगण बायको दरसाल बघायची, त्यांनी पहिल्यांदा बघितलं. नंतरच्या तपासणीत डॉक्टर म्हणाले, "आता बैठका मारा. पहिला आठवडा दहाच, श्वास न कोंडता."

तालमीत पोरं गोळा झाली. वस्तादांनी सावकाश दहा बैठका मारल्या. पोरं अकराव्या बैठकेची वाट बघत उभी राहिली, तोवर वस्ताद चपला घालून बंधाऱ्याच्या वाटेला लागलेही होते.