चौकात उरलेले मजूर



द्राक्षमळ्याच्या धन्याचा दाखला (मत्तय २०) आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यावर बोलताना बहुधा मजुरीचीच चर्चा होते. पहाटेपासून राबलेल्याला एक दिनार आणि तासभर काम केलेल्यालाही एकच, हा कुठला न्याय? पण त्या दाखल्यात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. दिवस कलताना धनी चौकात जातो तेव्हा तिथे माणसे उभीच असतात. का उभी आहेत म्हणून तो विचारतो. ती आळशी नव्हती. दिवसभर त्यांना कोणी बोलावलेच नव्हते.

गोंदियाकरांना हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. धानाची रोवणी-कापणी, राईस मिलमधली हमाली, बांधकाम, उन्हाळ्यात तेंदूपान, घरी बसून बिड्या वळणे, यांवर आपल्या जिल्ह्यातली कितीतरी घरे चालतात. मजुरांच्या घोळक्यातून ठेकेदार आधी कोणाला हात करतो ते एकदा पाहावे. धडधाकट, ओळखीचा, आपल्या गावचा, आपल्या जातीचा. म्हातारा माणूस, लेकुरवाळी बाई, सालेकसा-देवरीच्या जंगलपट्टीतून आलेला गोंडी बोलणारा पोरगा मागे उरतात. ठेकेदाराला विचारले तर तो म्हणेल, मी भेदभाव करतच नाही, काम येणारा माणूस घेतो.

असेच उत्तर मुंबईच्या कापडगिरण्यांतही मिळत असे. तिथे विणाई खात्यात मजुरी जास्त होती, पण त्या काळी अस्पृश्य मानलेल्या कामगारांना त्या खात्यात प्रवेश नव्हता. कांडी बदलली की सुताचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावे लागे, आणि त्यांच्या ओठांना लागलेला धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे इतर कामगार म्हणत. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी आणखी एक उदाहरण दिले. या लोकांना स्टेशनवर पोर्टर का नेमत नाहीत? कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचेही काम करावे लागे, आणि घरात यांचा हात चालत नसे. इथे हरकत मालकापुरती नव्हती. शेजारी उभा राहून घाम गाळणाराही भिंत घालत होता. आपले गाव रेल्वेमुळे वाढलेले आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्याला परकी वाटू नये.

संविधानाने अस्पृश्यता रद्द केली, सरकारी नोकरीत समान संधी दिली. भाषाही बदलली. अपमानाचे शब्द गेले, ‘अपंग’च्या जागी ‘दिव्यांग’ आले. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर अशी नावे देण्याचा निर्णय घेतला. काहीजण याला हसतात. आजकाल काही बोलायची सोय राहिली नाही, अशी त्यांची कुरकुर असते. आम्हांला ती पटत नाही. पूर्वी बोलणाऱ्याची सोय होती, ऐकणाऱ्याची कोणी विचारली होती? मूल शाळेत आपला पत्ता मान वर करून सांगू शकले, एवढ्यासाठीसुद्धा हे बदल मोलाचे आहेत.

मात्र तेवढ्याने काम मिळत नाही. विदर्भाचेच सुपुत्र, अर्थतज्ज्ञ डॉ. सुखदेव थोरात यांनी पॉल अ‍ॅटवेल यांच्यासह केलेला अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले. फरक होता तो फक्त नावांचा. सवर्ण हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली, मुसलमान नावाला तर त्याहूनही पुष्कळ कमी. अर्ज वाचणाऱ्यांनी कोणाला एकही वाईट शब्द उच्चारला नव्हता. आणि त्यातूनही जो आत पोहोचतो त्याला ‘कोट्यातला साहेब’ म्हणून पाठीमागे हसणारे असतातच, कधीकधी मिस्साला येणारेही.

ख्रिस्तसभेबाहेरच्यांबद्दल एवढे बोलून थांबणे सोपे होते. परंतु भारतीय धर्माध्यक्ष परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचे धोरण जाहीर केले, तेव्हा अस्पृश्यता आणि भेदभाव आपल्या आतही आहे हे स्पष्ट मान्य केले. बाप्तिस्म्याच्या पाण्याने जात जायला हवी होती. लग्न जुळवताना ती किती परत येते हे घरोघरच्या आयांना ठाऊक आहे. याकोबाच्या पत्रात (अध्याय २) सोन्याची अंगठी घातलेला पाहुणा आणि मळक्या कपड्यांतला गरीब एकाच सभेत येतात आणि दोघांना वेगवेगळी जागा दाखवली जाते. ती मंडळी ख्रिस्तीच होती.

म्हणून आपल्या माणसांना काही विचारावेसे वाटते. आपल्यापैकी काहींची दुकाने आहेत, काही कार्यालयांत नेमणुकीच्या कागदांवर सही करतात, काहींच्या घरी धुणीभांडी करायला बाई येते. तिचा चहाचा कप वेगळा आहे का? गडी आणि बाई एकच काम करत असतील तर संध्याकाळी दोघांच्या हातात सारखे पैसे पडतात का? ख्रिस्ती संस्थांत शिक्षक कोणत्या घरांतले आणि शिपाई, आया कोणत्या घरांतल्या, हेही पाहायला हवे. योग्यता पाहूनच नेमणूक झाली असे म्हणताना, ती योग्यता मिळवण्याची संधी कोणाला होती हा प्रश्न उरतो.

दाखल्यातल्या धन्याने शेवटच्या मजुरालाही पूर्ण दिनार दिला. दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी, घरची चूल पेटण्याइतकी. उशिरा आलेल्याच्या घरीही खाणारी तोंडे तेवढीच होती. आणि तो धनी दिवसातून पाच वेळा चौकात गेला. मुकादमाला पाठवून भागले असते, तरी तो स्वतः गेला.