रुग्णशय्या आणि नित्यनियम

शरीर दीर्घ व्याधीने जर्जर झाले म्हणजे श्रद्धाळू गृहस्थाच्याही मनात एक शल्य उठते : ‘इतकी वर्षे जप केला, पूजा केली; मग हे दुःख वाट्यास का यावे?’ हा प्रश्न विचारणे पाप नव्हे. परंतु प्रार्थना म्हणजे आरोग्याच्या मोबदल्यात केलेला व्यवहार, असा समज त्यात दडलेला असतो. तो समज दूर झाल्यावाचून मनास शांती मिळत नाही.

भगवंतांनी गीतेच्या सातव्या अध्यायात चतुर्विध भक्त सांगताना आर्ताचाही समावेश केला आहे आणि त्या सर्वांनाच उदार म्हटले आहे. तेव्हा वेदनेने व्याकूळ होऊन देवास हाक मारण्यात कमीपणा नाही. ती हाक कशी मारावी, हेच शिकावयाचे असते.

केरळातील नारायण भट्टतिरी हे व्याकरण-मीमांसादी शास्त्रांचे प्रकांड पंडित होते. ऐन तारुण्यात त्यांना दारुण वातव्याधीने ग्रासले. परंपरा सांगते की, ते गुरुवायूरच्या मंदिरात भगवंतासमोर बसून प्रतिदिनी एक दशक रचीत आणि अर्पण करीत. असा शंभर दिवसांचा नियम पूर्ण होऊन इ. स. १५८६ मध्ये भागवताचे साररूप असे ‘नारायणीय’ सिद्ध झाले. या स्तोत्राची रचना मननीय आहे. दशकात सुमारे दहा श्लोक. त्यांत भगवंताचे स्वरूप व लीला यांचे वर्णन. आणि बहुधा अखेरच्या श्लोकात व्याधिनिवारणाची याचना. दुःख लपविले नाही, परंतु त्यास स्थान दिले ते शेवटचे. व्याधी मनाचा सारा प्रदेश व्यापू पाहते. नित्यनियम तिला तिची मर्यादा दाखवितो. स्थैर्य म्हणतात ते हेच.

भट्टतिरींची पीडा दूर झाली, असे परंपरा मानते. परंतु ज्यांचा रोग हटत नाही, त्यांची प्रार्थना व्यर्थ गेली काय? येथे तिरुवण्णामलै येथील श्रीरमणमहर्षींचे चरित्र आठवावे. १९४९ साली त्यांच्या डाव्या हातावर असाध्य अर्बुद झाले. चार वेळा शस्त्रक्रिया झाली, तरी रोग उलटला. महर्षींनी भक्तांस दर्शन देणे मात्र अखेरच्या दिवसापर्यंत थांबविले नाही. १४ एप्रिल १९५० च्या रात्री, त्यांनीच पूर्वी रचलेले अरुणाचलाचे स्तवन भक्तगण गात असताना, त्यांनी देह ठेवला. रोग गेला नाही. शांतीही ढळली नाही.

मात्र असा आधार संकटाच्या दिवशी एकाएकी निर्माण होत नाही. घरास आग लागल्यावर विहीर खणावयास घेणे निरुपयोगी. म्हणूनच भगवंत आठव्या अध्यायात सर्व काळी स्मरण करण्यास सांगतात, आणि सहाव्या अध्यायात चंचल मनाच्या निग्रहासाठी वैराग्याबरोबर अभ्यासाचा उपाय सांगतात. धडधाकट असताना ठरलेल्या वेळी केलेली एक माळ, म्हटलेला एक अध्याय ही पुढील कठीण काळासाठी साठविलेली शिदोरी होय.

अंथरुणास खिळलेल्या मनुष्यास स्नान घडत नाही, आसनावर बसवत नाही. म्हणून नियम मोडला असे मानून खिन्न होऊ नये. मानसजपास स्थळाचे व शौचाचे बंधन नाही. माळ धरवत नसेल, तर श्वासागणिक नाम घ्यावे. तेही न साधल्यास घरातील कोणी उशाशी बसून मृदू स्वरात नित्यपाठ म्हणावा. रुग्णाने केवळ ऐकावे. वैद्याचे औषध व पथ्य श्रद्धेने पाळावे. औषध घेणे हा भक्तीतील उणेपणा नव्हे. देह ही भगवंताची ठेव असून तिचे रक्षण हेही कर्तव्यच आहे.

फळ त्याच्या हाती सोपवावे, नियम आपल्या हाती ठेवावा. वेदनेच्या रात्री घड्याळाचे ठोके मोजण्याऐवजी ज्याच्या ओठांवर सवयीने नाम येते, तो एकाकी नसतो. त्याचा देह रोगी असेल. परंतु त्याचे अंतःकरण निराधार झालेले नसते.